एका अक्षरापायी पैसे डिसेंबरात आले

मी इंग्लंडमध्ये घरीच मुलं सांभाळते, चाइल्डमाइंडर म्हणून. सप्टेंबर २०२५ पासून नोकरदार आईवडिलांच्या नऊ महिन्यांपुढच्या मुलांना आठवड्याला ३० तासांचा सांभाळ सरकारी खर्चाने मिळू लागला. माझ्याकडची तिन्ही मुलं त्याच योजनेतली. म्हणजे पैसे पालकांकडून नाही, काउन्सिलकडून, म्हणजे स्थानिक प्रशासनाकडून यायचे.

ऑफस्टेडची (मुलं सांभाळणाऱ्यांची तपासणी करणारी सरकारी संस्था) नोंदणी, काउन्सिलशी करार वगैरे निभावलं. पण आमची काउन्सिल सत्राआधीच किती मुलं, किती तास याचा अंदाज मागते आणि त्यावर दरमहा उचल देते. त्याची मुदत जुलैत संपली, माझा करार झाला ऑगस्टमध्ये. त्यामुळे सप्टेंबर कोरडा गेला. आता सगळी भिस्त हेडकाउंटवर, म्हणजे त्या आठवड्यात प्रत्यक्ष येणाऱ्या मुलांच्या नोंदीवर.

काउन्सिलच्या पोर्टलवर तीन नावं आणि प्रत्येकाचा कोड भरला. हा कोड योजनेला पात्र असल्याची खूण म्हणून पालकांना सरकारकडून मिळतो. दोन हिरवी, तिसऱ्यापुढे लाल अक्षरांत ‘कोड पडताळता आला नाही’. काय चुकलं, ते कुठेही लिहिलेलं नाही. अकरा आकडे बोट ठेवून पाच वेळा जुळवले. काउन्सिलला फोन केला, म्हणाले पालकांना विचारा. त्या बाळाच्या आईने तिचं सरकारी खातं उघडून दाखवलं, कोड चालू! काउन्सिलला मेल केली, उत्तर नाही. तोवर हेडकाउंट बंद झालं.

बारा दिवसांनी काउन्सिलच्या फोनवर एक बाई भेटल्या. त्या म्हणाल्या, “आईच्या नॅशनल इन्शुरन्स नंबरचं शेवटचं अक्षर पुन्हा बघता का?” हा नोकरी आणि कराच्या नोंदीसाठी प्रत्येकाला मिळणारा क्रमांक, तो कोडसोबत भरायचा असतो. आईने मला तो स्टेशनवरून फोनवर सांगितला होता. ती ‘डी’ म्हणाली, मी ‘बी’ लिहिलं. अक्षर बदललं आणि कोड क्षणात हिरवा झाला. पण हेडकाउंट संपलेलं, म्हणून त्या बाळाचे पैसे सत्राअखेरच्या हिशेबात. चौदा आठवड्यांचे ४२० तास मी सांभाळले आणि रक्कम मिळाली डिसेंबरच्या मध्यावर. पाच वर्षांखालची तीनच मुलं सहसा ठेवता येतात, त्यामुळे एक अडकलं की उत्पन्नाचा तिसरा हिस्सा अडकतो. या तासांचे पैसे पालकांकडे मागताही येत नाहीत. चूक माझी होती, मान्य. पण ‘नंबर जुळत नाही’ एवढं जरी पोर्टलने सांगितलं असतं, तरी त्याच दिवशी सुटलं असतं. याचा राग अजून गेलेला नाही.

फॉर्म पालकांच्याच हातून भरून घ्या आणि नंबर पगाराच्या स्लिपवरून ताडून पाहा. पोर्टलचं लॉगिन मिळालं की त्याच दिवशी कोड पडताळा, हेडकाउंटची वाट पाहू नका. सप्टेंबरसाठी कोड ३१ ऑगस्टच्या आत काढलेला लागतो, हे पालकांना जूनमध्येच सांगा. शिवाय दर तीन महिन्यांनी त्यांनी तो पुन्हा पक्का करायचा असतो. आणि काउन्सिल सत्रातून एकदाच पैसे देत असेल, तर दरमहा मागा. सरकारी मार्गदर्शनात दरमहाच द्यावेत असं आहे.

जानेवारीचा अंदाज मी मुदतीच्या आठवडाभर आधी भरला. तिन्ही नावं हिरवी दिसली तेव्हा बाळ मांडीवरच झोपलं होतं.