खरं-खोटं उत्तरार्धात

आमच्या अभ्यासमंडळाच्या वार्षिक संमेलनाला नियम एकच होता, आणि तो मोडला म्हणून दरवर्षी कुणी ना कुणी बोलणी खायचंच. पहिल्या सत्रात ‘हे खरं’ किंवा ‘हे खोटं’ असं म्हणायचं नाही. फळ्यावर एखादी ऋचा, एखादी प्रार्थना, एखाद्या पुराणकथेतलं वाक्य लिहिलेलं असे. विचारायचं ते एवढंच, की हे कोण म्हणतंय, कुणाला म्हणतंय आणि कधी? निवाडा दुसऱ्या सत्रात. तोवर निम्म्या मंडळींचा आवेश ओसरलेला असे. अध्यक्षांचा डावही तोच होता.

हारतुरे नव्हते, पाहुण्यांचा परिचय नव्हता. अहवालवाचन मात्र व्हायचं. चिटणीस ते इतक्या गांभीर्याने करत, की शिल्लक रकमेचा आकडासुद्धा सूत्रासारखा कानावर पडे.

सुरुवात बहुधा कौत्सापासून व्हायची, कारण मंडळातल्या शास्त्रीबुवांचा तो लाडका शत्रू. ‘अनर्थका हि मन्त्राः’, मंत्रांना अर्थच नाही, असं म्हणणारा हा माणूस आपल्याला भेटतो तो यास्काच्या ‘निरुक्ता’त, म्हणजे वेदांतल्या शब्दांचा अर्थ उलगडणाऱ्या प्राचीन ग्रंथात. त्याचे आक्षेप शास्त्रीबुवा इतक्या रंगून मांडत, की नवख्याला ते कौत्साच्याच बाजूचे वाटावेत. गवताला म्हणायचं ‘ओषधे, याचं रक्षण कर’. हत्याराला म्हणायचं ‘याला इजा करू नकोस’, आणि त्याच हत्याराने घाव घालायचा! एकीकडे रुद्र एकच, दुसरा नाही; दुसरीकडे पृथ्वीवर असंख्य सहस्र रुद्र. याला अर्थ म्हणायचं का?

यास्काचं उत्तर मात्र ते शांतपणे सांगत. असा विरोध रोजच्या बोलण्यातही असतो. ‘या राजाला शत्रूच नाही’ असं आपण म्हणतो, तेव्हा कुणी शत्रूंची यादी घेऊन उभं राहत नाही. पुढे यास्काचा तो प्रसिद्ध टोला येई: आंधळ्याला खांब दिसला नाही, तर तो खांबाचा अपराध नव्हे. यावर तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झालेले आमचे सर ताडकन म्हणत, “बुवा, पहिलं उत्तर आहे, दुसरी शिवी आहे.” हा संवाद दरवर्षी जवळपास याच शब्दांत होई आणि आम्ही त्याची वाट पाहत असू.

सरांचा स्वतःचा माणूस म्हणजे इंग्रज तत्त्वज्ञ ए. जे. एयर. 1936 साली, वयाच्या पंचविशीत, त्याने मांडलं, की जे विधान व्याख्येनेच खरं ठरत नाही आणि ज्याची अनुभवाने पडताळणीही करता येत नाही, ते खोटंसुद्धा नसतं. ते विधानच नसतं. सर हे सांगत तेव्हा मंडळातले कट्टर नास्तिक काका मान डोलावत. पुढचं वाक्य सर मुद्दाम थांबून टाकत: या हिशेबाने ‘देव नाही’ हेही तितकंच निरर्थक. काकांची मान तिथेच थांबे. एकदा ते म्हणाले, “अहो सर, म्हणजे मी आयुष्यभर कशाशी भांडलो?” सभागृह हसून लोटपोट. पण प्रश्न खरा होता. एयरची कसोटी श्रद्धाळूला हरवत नाही, ती अख्खा आखाडाच बंद करते. शिवाय ती स्वतः कोणत्या पडताळणीने सिद्ध होते, हा जुना पेच आहेच. त्यावर आमचा फार वेळ जात नसे.

सगळ्यांत जास्त गर्दी व्हायची ती माळ्याच्या नाटुकल्याला. तत्त्वज्ञ अँटनी फ्ल्यूचा दृष्टान्त: जंगलात दोघा प्रवाशांना एक मोकळी जागा सापडते, तिथे फुलंही आहेत आणि तणही. एक म्हणतो, इथे माळी येत असणार. दुसरा म्हणतो, छे. दोघे पहारा देतात, विजेचं कुंपण घालतात, वास काढणारे कुत्रे आणतात. माळी काही सापडत नाही. पहिला म्हणत राहतो, की माळी आहे, पण तो दिसत नाही, हाताला लागत नाही, त्याला वास नाही. शेवटी दुसरा विचारतो, मग असा माळी आणि मुळात नसलेला माळी यांत फरक काय? आमच्याकडे प्रवाशांच्या भूमिका ज्येष्ठांकडे असत आणि कुत्र्याची भूमिका त्या वर्षी आलेल्या सर्वांत तरुण सदस्याकडे. टाळ्या नेहमी कुत्र्यालाच.

हा दृष्टान्त मुळात जॉन विज्डम या तत्त्वज्ञाचा, 1944 सालचा. मला तोच जास्त आवडतो, आणि त्यावरून मी सरांशी बरीच भांडले आहे. विज्डमकडे कुंपण नाही, कुत्रे नाहीत. दोन माणसं बऱ्याच काळाने आपल्या दुर्लक्षित बागेत परततात आणि समोरचं तेच सगळं बघून वेगवेगळं बोलतात. बागेतली कुठलीही गोष्ट एकाला दिसली आणि दुसऱ्याला दिसली नाही, असं नाही. तरी त्यांचा वाद पोकळ नाही, कारण एक जण दुसऱ्याला ‘हे आणि हे एकत्र ठेवून बघ’ असं म्हणू शकतो. फ्ल्यूने त्यात विजेचं कुंपण आणलं आणि पाहण्यातला फरक गुप्तहेराच्या तपासात बदलून टाकला. सर म्हणत, तपास नको असेल तर दावाही करू नका. यात त्यांचं चूक होतं असं नाही.

पुराणकथांच्या वर्षी फळ्यावर वृत्र होता, पाणी अडवून बसलेला आणि इंद्राने युद्धात मारलेला. ‘तत्को वृत्रः?’ हा यास्काचाच प्रश्न. शब्दांची फोड करणारे निरुक्तकार म्हणतात मेघ, कथा घडलेली मानणारे ऐतिहासिक म्हणतात त्वष्ट्याचा असुर पुत्र. यास्क पुढे म्हणतो, पाणी आणि तेज यांच्या मिश्रणातून पाऊस होतो आणि त्याचंच उपमेने युद्ध म्हणून वर्णन होतं. तरुण मंडळी खूश झाली: बघा, कथेचं कवच काढून आतला गाभा घ्यायचा, हे आपल्याकडे किती आधी! कुणीतरी लगेच जर्मन ख्रिस्ती धर्मपंडित रुडॉल्फ बुल्टमान जोडून दिला. 1941 साली तो म्हणाला होता, की विजेचे दिवे आणि रेडिओ वापरणाऱ्या माणसाला बायबलच्या नव्या करारातलं भुताखेतांचं आणि चमत्कारांचं जग जसंच्या तसं मानता येणार नाही, म्हणून त्यातल्या मिथकांचा अर्थ माणसाच्या जगण्याच्या अंगाने लावला पाहिजे.

तेव्हा मागच्या रांगेतून भाषा शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, “वृत्र म्हणजे ढगच असेल, तर ‘पाऊस पडला’ एवढं सांगून भागलं असतं. युद्ध कशाला?” मग त्यांनीच उत्तर दिलं. पाऊस पडेलच असं नाही, कुणीतरी पाणी अडवून बसलंय, आणि त्याने ते सोडलं नाही तर आपण संपलो, ही धास्ती ‘मेघ’ म्हटल्यावर नाहीशी होते. बुल्टमानला तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्सने असाच विरोध केला होता, की मिथकाचा ऐवज दुसऱ्या भाषेत पूर्ण उतरवून घेता येत नाही. बाईंनी यास्पर्स वाचला नव्हता. त्यांना गरजही नव्हती.

एका वर्षीचं दुसरं सत्र मात्र कुणी विसरलेलं नाही. माळ्याचा दृष्टान्त ज्यात आहे, त्या लेखाच्या शेवटी फ्ल्यूने एक उदाहरण दिलं आहे. बाप लेकरांवर करतो तशी देव आपल्यावर माया करतो, असं म्हणतात. आणि समोर एक मूल घशाच्या कर्करोगाने मरताना दिसतं. मग ते वाक्य मागे घेण्यासाठी आणखी काय घडावं लागेल? सरांनी हे वाचलं आणि मुलांच्या विभागात काम करणाऱ्या आमच्या डॉक्टरताई उठल्या. त्या म्हणाल्या, हे वाक्य मी वॉर्डात ऐकलंय. मुलाच्या आईच्या तोंडून ऐकलंय, आणि भेटायला आलेल्या नातेवाइकांच्या तोंडूनही. आई म्हणते तेव्हा ती त्या वाक्याला धरून उभी असते. तेच वाक्य नातेवाईक तिला ऐकवतात, तेव्हा मला त्यांना बाहेर काढावंसं वाटतं.

सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मान्य. पण ताई, ती आई नुसती धीर धरत नाही. कुणीतरी ऐकतंय असं ती मानते. तुम्ही तिला सांगितलंत, की तुझं वाक्य म्हणजे फक्त तुझ्या मनाची अवस्था, तर तिला ते पटेल?”

ताई म्हणाल्या, “नाही पटणार.”

इथेच मला तत्त्वज्ञ ब्रेथवेट अपुरा वाटतो. 1955 च्या व्याख्यानात त्याने मांडलं, की धार्मिक विधान म्हणजे अमुक रीतीने जगण्याचा निश्चय, आणि त्याला बळ देणाऱ्या कथा खऱ्या मानायचीही गरज नाही. मांडणी नेटकी आहे, पण प्रार्थना करणारा माणूस त्यात स्वतःला ओळखणार नाही. फ्ल्यूला उत्तर देणाऱ्या बेसिल मिचेलची गोष्ट मला जवळची. शत्रूच्या ताब्यातल्या देशातला एक बंडखोर एका रात्री एका अनोळखी माणसाला भेटतो आणि त्याच्यावर विश्वास टाकतो. पुढे तो माणूस कधी आपल्या बाजूने वागताना दिसतो, कधी शत्रूच्या गणवेशात. बंडखोर म्हणत राहतो, तो आपलाच आहे. उलट पुरावा त्याला दिसतो, सलतो, आणि तरी तो शब्द मागे घेत नाही. म्हणजे इथे दावा आहे आणि त्याची किंमतही मोजली जाते. मात्र किती पुराव्यानंतर हा विश्वास खुळेपणा ठरेल, याचा आकडा मिचेल देत नाही. सरांना तोच हवा होता.

यंदाच्या संमेलनासाठी बायबलमधल्या, विनाकारण दुःख भोगणाऱ्या ईयोबाची कथा घ्यावी, असं ताईंनी सुचवलंय. त्यात मित्र देवाबद्दल सगळं रीतसर बोलतात, ईयोब देवाशी भांडतो, आणि शेवटी देव रागावतो तो मित्रांवर. सरांनी होकार कळवला आहे, एका अटीवर: या वेळी त्यांचं म्हणणं पहिल्याच सत्रात ऐकून घ्यायचं. अध्यक्षांनी अट फेटाळली.