दांडियाबाजारची गच्ची आणि सहा अंशांचं पाणी

गेल्या वर्षी जानेवारीत स्टोनी कोव्हच्या पाण्यात डायव्हिंग करताना माझे ओठ इतके बधिर झाले, की रेग्युलेटरचं, म्हणजे सिलिंडरची हवा देणाऱ्या यंत्राचं, तोंडात धरायचं रबर अर्धं निसटलंय हे मला कळलंच नाही. श्वासाबरोबर पाणी आत आलं तेव्हा कळलं. खोली जेमतेम ६ मीटर, जोडीदार हाताच्या अंतरावर, म्हणून निभावलं. परत येताना गाडीतच ठरवलं, यापुढे थंड पाण्यात फुल-फेस मास्क, म्हणजे अख्खा चेहरा झाकणारा मास्क, लावूनच उतरायचं.

मी मूळची बडोद्याची, दांडियाबाजारातली. नोकरी इंग्लंडमधल्या लेस्टरला. तिथून मोटारीने अर्ध्या तासावर स्टोनी कोव्ह आहे: ग्रॅनाइटची जुनी खाण, काम थांबल्यावर झऱ्यांच्या पाण्याने भरलेली. उन्हाळ्यात मी मास्कचा कोर्स केला आणि डिसेंबरअखेर सुट्टीवर निघताना मास्क बॅगेत घातला. त्याला कारण होते काका. त्यांची तीस वर्षं अग्निशमन दलात गेली, धुरात शिरताना असाच मास्क लावून.

काकांनी चष्मा लावून मास्क उलटसुलट पाहिला आणि आतल्या रबरी कपावर अंगठा ठेवला. "हा आमच्याही मास्कला असायचा." हा कप नाक-तोंडापुरता असतो. सोडलेला श्वास त्यातूनच बाहेर जातो. तो नसेल तर एवढ्या मोठ्या मास्कच्या पोकळीत कार्बन डायऑक्साइड साठून राहील आणि तोच परत छातीत जाईल. येणारी कोरडी हवा आधी काचेवरून फिरते, म्हणून काचेवर वाफही धरत नाही.

मग त्यांनी मला मास्क लावायला सांगितला, हवा आत येते ते तोंड तळहाताने बंद केलं आणि म्हणाले, "ओढ श्वास." मास्क चेहऱ्याला चिकटायला हवा होता. चिकटला नाही.

"कानशिलापाशी हवा येतेय. केस अडकलेत."

रबराची कड थेट कातडीवर बसली पाहिजे, मध्ये केसही नको नि हूडची, म्हणजे डोक्यावरच्या रबरी टोपीची, कडही नको. नोकरीत असेपर्यंत काका रोज पहाटे न चुकता दाढी का करत, ते मला त्या दिवशी समजलं. काकूने तेल लावून दोन घट्ट वेण्या घातल्या, कपाळावरची बारीक बटही आत ओढली. "शाळेत असताना अशाच घालायचे तुझ्या," म्हणाली. या वेळी मास्क गच्च बसला.

खरा सराव गच्चीवर झाला. काका म्हणाले, आमच्यात काही झालं तरी मास्क काढायचा नाही हे शिकवतात, तुला मात्र काढायलाच शिकायला हवं. बरोबरच होतं. या मास्कमध्ये रेग्युलेटर मास्कलाच जोडलेला असतो. तो बिघडला तर अख्खा मास्क उतरवावा लागतो, कमरेचा दुसरा रेग्युलेटर तोंडात घ्यावा लागतो, खिशातला साधा मास्क चढवावा लागतो. थंड पाणी उघड्या चेहऱ्यावर आदळलं की माणूस नकळत मोठा श्वास ओढतो, आणि पाण्याखाली तसा ओढला तर पाणीच आत जातं.

म्हणून बादली. सयाजीरावांनी १८९०च्या सुमारास बांधलेल्या आजवा तलावाचं पाणी आणि त्यात बाजारातून आणलेला बर्फ. चेहरा बुडवायचा, छाती आवळली तरी श्वास ओढायचा नाही, हवा बारीक बुडबुड्यांनी सोडत राहायची. मग जाड हातमोजे घालून, डोळे मिटून पाचही पट्टे सोडवायचे. काका घड्याळ धरून मोठ्याने आकडे मोजत. पहिल्या दिवशी चाळीस सेकंद, आठवड्याने अठरा. उत्तरायण तोंडावर आलेलं, आजूबाजूच्या गच्च्यांवर पोरं पतंगांचे पेच लावत होती. शेजारच्या मुलाने विचारलं, "ताई, आम्ही दीवला घेतलेला तोच ना हा?" मी त्याला जवळ बसवून नीट सांगितलं. समुद्रावर मिळतो तो नळीवाला मास्क फक्त पाण्यावर तरंगताना लावायचा. त्यात नाक दाबून कान मोकळे करता येत नाहीत, त्याला सिलिंडरची हवा नसते. तो घालून खाली जाणं धोक्याचं आहे.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी स्टोनी कोव्हला उतरले. हवा ३ अंश, पाणी ६. काठावर मास्कची छोटी झडप उघडी ठेवून बाहेरच्याच हवेत श्वास घेतला. सिलिंडरमधली सुमारे २०० बार दाबाची हवा रेग्युलेटरमध्ये एकदम दहाएक बारवर येते, प्रसरण पावते आणि फार गार होते. त्यात श्वासातली वाफ गोठली की झडप उघडीच अडकते आणि हवा धो-धो वाहू लागते. म्हणून काठावर त्यातून श्वास घ्यायचा नाही. माझ्या सिलिंडरला दोन झडपा आणि दोन स्वतंत्र फर्स्ट स्टेज, म्हणजे दाब कमी करणारे रेग्युलेटरचे पहिले भाग, होते. एक गोठला तर तो बंद करून दुसऱ्यावर जाता येतं.

झडप लावली आणि खाली गेले. ४ मीटरवर डावा कान अडला. या मास्कमध्ये हात नाकापर्यंत पोचत नाही, आतल्या दोन रबरी उंचवट्यांवर नाकपुड्या दाबाव्या लागतात. मीटरभर वर आले, मास्क खालून दाबला, कान सुटला.

आणि मग ते सुख. मी नाकाने श्वास घेत होते! जबडा सैल, ओठ कोरडे, गाल गरम. सुमारे २० मीटरवर स्टेनगार्थ उभी आहे, डायव्हर लोकांसाठी २००० साली मुद्दाम बुडवलेली जुनी टग बोट, म्हणजे दुसऱ्या बोटी ओढणारी बोट. गेल्या वर्षी तिच्याकडे माझं धड लक्षच नव्हतं, सगळं लक्ष दातांत धरलेल्या रबरावर. या वेळी केबिनच्या खिडकीशी थांबून अंगावर पट्टे असलेले पर्च मासे पाहत राहिले. हवा मात्र या मास्कमध्ये थोडी जास्त जाते, म्हणून नेहमीपेक्षा लवकर मागे फिरले.

६ मीटरवर जोडीदाराला खूण केली आणि मास्क काढला. कपाळावर, डोळ्यांवर, नाकात एकदम सुया. छातीने श्वास मागितला. मी बुडबुडे सोडले आणि डोक्यात काकांचा आवाज मोजत राहिला. पाचव्याला रेग्युलेटर तोंडात होता. साधा मास्क चढवून पाणी काढून झालं, तेव्हा जोडीदाराने घड्याळ दाखवलं.

संध्याकाळी बडोद्याला फोन लावला. काकांनी आधी पाण्याचं तापमान विचारलं, मग सेकंद.

"सव्वीस."

"गच्चीवर अठरा होते," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी परत कर. आणि वेण्या कोण घालतं तिथे?"

"मीच, काका. काकूसारख्या घट्ट."