अकरातले तीन

सोमवार, रात्री

आई चार दिवसांसाठी राहायला आलीये. सकाळी निघताना हातात मोगऱ्याचा गजरा ठेवला. नाही म्हणवेना. आमच्या टेस्ट ट्यूब बेबीच्या लॅबमध्ये गजरा, अत्तर, डिओ काही चालत नाही, वासाची वाफ गर्भांना सोसत नाही. माळला आणि पार्किंगमध्ये उतरवून स्कूटीच्या डिकीत ठेवला. माझ्या नशिबात सुगंध म्हणजे डिकीचा.

आज अकरा स्त्रीबीजं मिळाली. ऑपरेशन थिएटरमधून खिडकीवाटे ट्यूब येतात, आत पिवळसर, कधी लालसर पाणी. ते डिशमध्ये ओतून शोधत बसायचं. स्त्रीबीज मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं, पण त्याच्याभोवती पेशींचा चिकट ढग असतो, कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्यासारखा तार धरणारा. आधी तोच नजरेत भरतो. सापडलं की मोठ्याने "मिळालं" म्हणायचं, पलीकडे सिस्टर आकडा लिहिते.

अकरांपैकी आठ पक्व. बाई ३६ वर्षांच्या. ही बीजं त्या स्वतः आपल्या आईच्या पोटात होत्या तेव्हा तयार झालेली आणि विभाजन अर्ध्यावर सोडून थांबलेली. परवा रात्री नऊला दिलेल्या इंजेक्शनने ते काम पुन्हा सुरू झालं. छत्तीस वर्षं ताटकळल्यावर गुणसूत्रांची वाटणी चुकली, तर नवल ते काय?

दुपारी इक्सी, म्हणजे एकेका बीजात सुईने एकेक शुक्राणू सोडायचा. शुक्राणूची शेपटी सुईने दाबून त्याला गप्प करायचं, मग सुईत ओढायचं. बीज एका बाजूने धरून ठेवलेलं. सुई टेकली की आवरण लगेच फाटत नाही, आत आत ताणत जातं. मग एका क्षणी सुटतं, ते बोटांना कळत नाही, डोळ्यांनाच कळतं. दहा वर्षं झाली, त्या क्षणी मी अजून श्वास धरते.

मंगळवार

सतरा तासांनी पाहिलं. सहांमध्ये दोन-दोन वर्तुळं, शेजारी शेजारी. एक आईकडचं, एक बापाकडचं, अजून मिसळलेली नाहीत. एकात तीन वर्तुळं, ते बाजूला काढलं. एकात काहीच नाही. डिशवरचं नाव मी मोठ्याने वाचलं, दुसरीने फाइलवरचं वाचलं, दोघींनी सह्या केल्या. आमच्या कामात हीच पूजा.

बुधवार

चार पेशींचे पाच, एक अजून दोनवरच. घरी आंबोळ्या होत्या.

गुरुवार

आज तिसरा दिवस. चौघांच्या आठ-आठ पेशी, एकाच्या पाच. उरलेला चारवर आलाय आणि तिथेच बसलाय.

तिसऱ्या दिवसाची मला धास्ती असते. इथपर्यंत गर्भ आईने बीजात बांधून दिलेल्या शिदोरीवर चालतो. प्रथिनं, संदेश देणारं आरएनए, सगळं माहेरचं. चार ते आठ पेशींच्या सुमाराला शिदोरी सरते आणि त्याची स्वतःची जनुकं कामाला लागावी लागतात. ज्यांची लागत नाहीत ते थांबतात. फलित झालेल्यांतले साधारण निम्मेच पाचव्या दिवशी कोरकपुटीपर्यंत, म्हणजे आमच्या भाषेत ब्लास्टोसिस्टपर्यंत पोचतात. ३७ अंश तापमान, मोजून सोडलेला वायू, वर तेलाचा थर, अंधार. डिशमध्ये कुणी पपई खाल्लेली नसते. कुणी जिना चढलेला नसतो. तरी थांबतात.

हे लिहितेय कारण संध्याकाळी त्या बाई औषधं न्यायला आल्या होत्या. मी नेमकी बाहेर पडत होते. म्हणाल्या, "मॅडम, मागच्या वेळी गर्भ आत सोडल्यावर मी एसटीने गावाला गेले. रस्ता फार खराब होता. सासूबाई म्हणतात, हिंदकळलं म्हणून गेलं. यावेळी गाडी केलीय." मी म्हटलं, "एसटीने काही होत नाही हो." त्या हसल्या, पण ते हसणं मला दिलासा देण्यासाठी होतं.

शुक्रवार

आज इनक्युबेटर उघडायचा नाही. चौथ्या दिवशी पेशी एकमेकींना बिलगतात, कोण कुठली ते मोजता येत नाही. उगाच दार उघडून वारा कशाला लावा?

रिकामा वेळ म्हणून नव्या मुलीला डॉ. सुभाष मुखर्जींची गोष्ट सांगितली. कोलकात्यात ३ ऑक्टोबर १९७८ ला त्यांच्या प्रयत्नाने मूल जन्मलं, इंग्लंडमधल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीनंतर जेमतेम ७० दिवसांनी. गर्भ आठ पेशींचा असताना गोठवून ठेवलेला, ५३ दिवस. सरकारी समितीने दावा उडवून लावला, वर सरकारने त्यांची बदली केली. १९८१ मध्ये त्यांनी जीव दिला. इकडे मुंबईत १९८६ ला केईएममध्ये इंदिरा हिंदुजा आणि आनंद कुमार यांच्या चमूच्या हातून बाळ झालं, ते देशातलं पहिलं म्हणून गाजलं. पुढे याच आनंद कुमारांनी मुखर्जींच्या हस्तलिखित नोंदी वाचल्या आणि १९९७ मध्ये जाहीर लिहिलं की पहिला मान मुखर्जींचा. आपल्या गळ्यातला हार उतरवून मेलेल्या माणसाला घालणारे किती जण असतील? नवी मुलगी एवढंच म्हणाली, "म्हणून तुम्ही नोंदी इतक्या बारीक लिहायला लावता होय."

शनिवार

तीन. तिघांत छान पोकळी धरलीये, कडेला एका थराची भिंत, आत एका बाजूला पेशींचा गोळा. भिंतीतून पुढे वार, म्हणजे प्लॅसेंटा होईल, गोळ्यातून बाळ. एवढी पहिली वाटणी पाच दिवसांत. पाच पेशींवाला आणि आठवाल्यांतला एक वाटेत थांबले. आठवाल्याने काय बिघडवलं होतं, देव जाणे, गुरुवारी सगळ्यांत देखणा तोच होता.

एक आज बाईंच्या गर्भाशयात सोडला, दोन गोठवले. सोनोग्राफीच्या पडद्यावर पांढरा ठिपका सरकतो, तो बघून नवरा-बायकोने हात जोडले. खरं तर तो ठिपका म्हणजे गर्भासोबत सोडलेला हवेचा बुडबुडा. गर्भ दिसतच नाही. मी हे कुणाला सांगत नाही. गर्भ सोडायची नळी परत आली, भिंगाखाली बघितली, आत काही चिकटलेलं नाही, "क्लिअर" म्हटलं. माझं काम संपलं. पुढचं चौदा दिवसांनी रक्ततपासणीत कळेल.

निघताना बाईंनी विचारलं, "तिसरा दिवस... त्या बाकीच्यांचं काय झालं?" मी म्हटलं, "थांबले. इथेच, डिशमध्ये. ना एसटी, ना खड्डे." यावेळी त्या हसल्या नाहीत. सासूबाईंकडे बघत राहिल्या.

रविवार

माझ्याआधी आईचं एक गेलं होतं, तिसऱ्या महिन्यात. तुळशीची मोठी कुंडी उचलली म्हणून, असं आजी म्हणायची आणि आई अजून म्हणते. दुपारी तिला दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर दिवसावार काढून दाखवलं. दोन, चार, आठ. चौथ्या दिवसाचं चित्र बघून म्हणाली, "हे तर सीताफळ."

मी सांगितलं की डिशमधले असे आपले आपण थांबतात. तिसऱ्या महिन्यात गेलेलं आणि हे एक नव्हे, पण पहिल्या तीन महिन्यांत जातात त्यांतल्या निम्म्याअधिकांत गुणसूत्रांचाच घोळ असतो, तो पहिल्या दिवसाच्या आसपासचा. तुझं कशाने गेलं ते मी सांगू शकत नाही, पण कुंडीने नाही.

ती बराच वेळ कागद फिरवून बघत होती. मग घडी घालून पर्समध्ये ठेवला.

"तरी जड होती गं," म्हणाली. "मातीसकट."