सासऱ्यांची सेवानोंद

माझे सासरे फिलिपाइन्सच्या लष्करात सातव्या बटालियन कॉम्बॅट टीममध्ये होते, एवढेच घरातल्या सर्वांना ठाऊक होते. ते वारल्यानंतर काही वर्षांनी थोरल्या दिरांनी त्यांच्या थडग्यावरचा साधा दगड बदलून नवा बसवायचे ठरवले. त्यावर हुद्दा, तुकडी आणि सेवेची वर्षे कोरायची असतील, तर ती कागदावर पाहिल्याशिवाय कोरू नयेत, असा आग्रह माझ्या नवऱ्याने धरला आणि कागद मिळवण्याचे काम आम्हा दोघांकडे आले. मी मूळची रायगड जिल्ह्यातली. कर्जतच्या भात संशोधन केंद्रातून लॉस बान्योसच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत आले आणि लग्नानंतर इथलीच झाले. नोंदी तपासणे हा माझ्या नोकरीचाच भाग असल्याने अर्ज लिहिणे, तारखा जुळवणे आणि कागद लावणे हे सारे ओघानेच माझ्याकडे आले.

ही तुकडी कशासाठी उभी राहिली, हे सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. जपानी फौजांशी लढण्यासाठी मार्च १९४२ मध्ये मध्य लुझोनमधल्या (लुझोन हे मनिला ज्यावर आहे ते मोठे बेट) कुळांनी आणि शेतमजुरांनी हुकबालाहाप नावाची सेना उभारली होती. लोक त्यांना नुसते ‘हुक’ म्हणत. महायुद्ध संपले तरी जमिनीचा प्रश्न तसाच राहिला. कूळ अर्धेलीने भात पिकवी, पावसाळ्यात घरातला तांदूळ संपला की जमीनदाराकडूनच व्याजाने उचल घेई आणि मळणी झाली की वाट्याचे निम्मे पीक त्या व्याजात जाई. १९४६ मध्ये कुळाला सत्तर टक्के वाटा देणारा कायदा झाला, पण तो बांधापर्यंत पोचला नाही. त्याच वर्षीच्या निवडणुकीत हुकांचे नेते लुईस तारुक आणि त्यांचे काही सहकारी निवडून आले, परंतु त्यांना काँग्रेसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत, बसू दिले गेले नाही आणि ऑगस्टमध्ये हुआन फेलेओ या शेतकरी नेत्याला पळवून नेऊन मारण्यात आले. तिथून गावोगाव लढाई पेटली. अलिबागजवळच्या चरी गावातल्या कुळांनी १९३३ पासून सहा वर्षे खोतांविरुद्ध चालवलेल्या संपाच्या हकीकती मी लहानपणी ऐकल्या होत्या, त्यामुळे या भांडणाचे मूळ मला कोणी समजावून सांगावे लागले नाही.

सप्टेंबर १९५० मध्ये रामोन मॅगसेसे संरक्षणमंत्री झाले. मराठी वाचक त्यांना पुरस्काराच्या नावाने ओळखतात. १९५८ मध्ये तो पुरस्कार पहिल्यांदा देण्यात आला, तेव्हाच्या मानकऱ्यांत विनोबा होते. मॅगसेसे यांच्या कारकिर्दीत हुकांविरुद्धच्या मोहिमेचा सारा भार बटालियन कॉम्बॅट टीम, म्हणजे बीसीटी, या नव्या तुकड्यांवर आला. एकेका बीसीटीत हजारावर माणसे असत आणि पायदळाबरोबर जड शस्त्रे, टेहळणी, रसद असे सारे तिच्यातच असल्याने ती एखादा मुलूख स्वतःच्या बळावर सांभाळू शके. शिपायाचा जेवणभत्ता तीस सेंटाव्होंवरून एक पेसो, म्हणजे शंभर सेंटाव्हो, करण्यात आला, कारण उपाशी शिपाई गावकऱ्यांच्या कोंबड्या उचलून नेत असे आणि तो गाव दुसऱ्या दिवशी हुकांना भात पोचवत असे. दहा सेंटाव्होंत कोणाही गावकऱ्याला थेट मंत्र्यांकडे तार करता येई. नोव्हेंबर १९५१ च्या निवडणुकीत मतदान केंद्रांचा बंदोबस्त लष्कराने केला. शरण आलेल्या हुकांना दक्षिणेकडच्या मिंदानाव बेटावर जमिनी देण्याची योजनाही निघाली. तिचा लाभ प्रत्यक्षात थोड्याच हुक कुटुंबांना मिळाला, पण तिच्या बातमीने पुष्कळांचा निश्चय ढिला केला.

सासऱ्यांच्या, म्हणजे आमच्या तातांगांच्या, गोष्टी या सगळ्याच्याच होत्या. मतपेटीशेजारी रात्रभर उभे राहिल्याची गोष्ट ते दरवर्षी सांगत. गस्तीवर जाताना मुलांसाठी खिशात गोळ्या ठेवायचा हुकूम होता, हे सांगताना त्यांचा चेहरा खुले. मॅगसेसे न कळवता जीपमधून येऊन शिपायांच्या स्वयंपाकघरात शिरत, हेही त्यांनीच सांगितले. नातवंडांना त्या गोष्टी पाठ होत्या. त्यांतली एकही सप्टेंबर १९५० च्या आधीची नव्हती, हे मात्र कागद हाती येईपर्यंत कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

आमच्याजवळ आधार फार थोडा होता. गणवेशातला एक फोटो होता आणि सेवामुक्तीचा एक जीर्ण कागद होता, ज्यावरचा सेवाक्रमांक वाळवीने अर्धा खाल्ला होता. सैनिकाची वैयक्तिक नोंद वारसालाच मिळते आणि पहिला वारस पत्नी, म्हणून अर्ज सासूबाईंच्या नावे करून नवऱ्यासाठी त्यांच्याकडून नोटरीसमोर मुखत्यारपत्र करून घेतले. सोबत मृत्यूचा दाखला, विवाहाचा दाखला आणि दोघांची ओळखपत्रे जोडायची होती. सून या नात्याने माझी सही कुठेच चालणार नव्हती, आणि ते योग्यच होते.

खरी अडचण जन्मनोंदीची निघाली. तातांग लुझोनच्या उत्तरेकडच्या इलोकोस भागातले. त्यांच्या गावची त्या काळातली दप्तरे युद्धात नष्ट झाली होती, आणि राजधानीत जे होते त्यातले पुष्कळसे १९४५ च्या मनिलाच्या लढाईत गेले. अशा वेळी सांख्यिकी प्राधिकरणाकडून नोंद आढळत नसल्याचा दाखला घ्यावा लागतो, आणि त्याच्या जोडीला चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदीची प्रमाणित प्रत द्यावी लागते. जे कोणी असे काम हाती घेतील त्यांनी सरकारी जन्मदाखल्याची वाट पाहत बसण्यापेक्षा आधी चर्चची वही पाहावी, असे मी अनुभवाने सांगेन. आमच्या पाद्रींनी जुनी वही काढून दिली तेव्हा तातांगांचा जन्म घरात समजत होते त्याच्या आदल्या वर्षीचा निघाला. सैन्यातला अर्जही त्या तारखेवरच जुळणार होता.

दुसरी अडचण नावाची होती. १८४९ मध्ये गव्हर्नर क्लाव्हेरिया यांच्या हुकमाने फिलिपिनो लोकांना छापील यादीतून आडनावे वाटण्यात आली आणि काही गावांत तर बहुतेक आडनावे एकाच अक्षराने सुरू होतात. संतांच्या नावांवरून ठेवलेली नावे तर सगळीकडे तीच. त्यामुळे पहिल्या अर्जाला असे उत्तर आले, की या नावाचे एकाहून अधिक शिपाई आढळतात, अधिक तपशील द्यावा. इथे मधले नाव कामाला येते, कारण इथल्या रीतीप्रमाणे ते आईच्या माहेरचे आडनाव असते. बाप्तिस्म्याच्या वहीतले आईचे आडनाव आणि वाळवीतून वाचलेले सेवाक्रमांकाचे आकडे, हे दोन्ही एकत्र दिल्यावर योग्य माणूस सापडला.

तरीही जे पान आले ते अपुरे होते. त्यात सातव्या बीसीटीतली १९५० ते १९५५ ही वर्षे, कॉर्पोरल हा हुद्दा आणि सन्मानपूर्वक सेवामुक्ती एवढेच होते, आणि पहिल्या ओळीत ‘बदलीने आगमन’ असा शेरा होता. नवा भरती झालेला शिपाई बदलीने येत नाही. याचा अर्थ शोधण्यासाठी मी मनिलाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बसून त्या काळाविषयी मिळेल ते वाचले, तेव्हा उलगडा झाला. १९५० पर्यंत हुकांविरुद्धची मोहीम मुख्यतः फिलिपाइन कॉन्स्टेब्युलरीकडे, म्हणजे सशस्त्र पोलिसांकडे होती. त्या वर्षी ते दल संरक्षण खात्याखाली आणून त्यातली पुष्कळ माणसे बीसीटींत घेण्यात आली. म्हणजे तातांगांची आधीची नोकरी लष्कराच्या दप्तरात असणारच नव्हती. कॉन्स्टेब्युलरी हे दल आता अस्तित्वात नाही, १९९१ मध्ये ते राष्ट्रीय पोलिसांत विलीन झाले. म्हणून त्या काळासाठी वेगळा अर्ज, वेगळ्या शब्दांत करावा लागतो, आणि त्यात ‘लष्करी सेवा’ असे न लिहिता ‘कॉन्स्टेब्युलरीतील सेवा व तिथून लष्कराकडे झालेली बदली’ असे स्पष्ट लिहावे लागते. ज्यांचे वडील त्या काळात बीसीटीत होते त्यांनी हे दोन्ही अर्ज सुरुवातीलाच सोबत करावेत.

दुसरे पान आले. भरती १९४८, पांपांगा प्रांतातली एक कंपनी. घरात कोणी काही बोलले नाही, पण सर्वांना एकच गोष्ट आठवली असणार. १९४६ पासून काही वर्षे मध्य लुझोनमध्ये, आरायात डोंगराच्या परिसरात, ‘नेनिता’ नावाची कॉन्स्टेब्युलरीची एक खास तुकडी वावरत होती. कवटी हे तिचे चिन्ह होते आणि नेपोलियन वालेरियानो तिचे प्रमुख होते. गावाला वेढा घालून सगळ्या पुरुषांना एका जागी बसवायचे आणि तोंड झाकलेल्या खबऱ्याने बोट दाखवलेल्यांना बाजूला काढायचे, ही जपान्यांची रीत त्या काळात कॉन्स्टेब्युलरीनेही चालवली. बाजूला काढलेले सगळे परत येत नसत. हेच वालेरियानो पुढे सातव्या बीसीटीचे प्रमुख झाले.

तातांग नेनितात होते का, याचे उत्तर त्या पानावर नाही. कंपनीचा क्रमांक आणि ठाण्याचे गाव एवढेच त्यात आहे, आणि तेवढ्यावरून कोणताही निष्कर्ष काढणे त्यांच्यावरही अन्याय ठरेल आणि मेलेल्यांवरही. माझ्या नवऱ्याला हे अर्धवट राहणे फार जड गेले. वडिलांनी मतपेटी राखल्याची गोष्ट खरी होती आणि आधीच्या दोन वर्षांचे त्यांचे मौनही खरे होते. त्यांतले एकच निवडून दगडावर घालायचे, हे त्याला पटेना. थोरल्या दिरांचे म्हणणे असे, की बीसीटीची वर्षे तेवढी कोरावीत, कॉन्स्टेब्युलरीचा उल्लेख नको. दफनभूमी सासूबाईंच्या गावची, आरायातच्या पायथ्याची, आणि तिथे हुकांच्या घरची माणसेही शेजारीच पुरलेली आहेत, ही त्यांची काळजीही खोटी नव्हती.

शेवटी सासूबाईंना विचारले. त्यांचा सख्खा भाऊ हुकांत होता. १९५४ मध्ये तारुक शरण आले त्यानंतर तो डोंगरावरून खाली आला. तातांगांनी सेवामुक्तीनंतर याच गावात राहून त्यांना मागणी घातली तेव्हा घरातून मोठा विरोध झाला होता, हे त्यांनी आम्हाला पहिल्यांदाच सविस्तर सांगितले. मेव्हण्याशी बोलणे सुरू व्हायला बरीच वर्षे गेली, आणि झाले ते शेताच्या पाण्यावरून. मी त्यांना विचारले, “आई, त्या दोन वर्षांविषयी तातांग तुमच्याशी कधी काही बोलले का?” त्या म्हणाल्या, “मी एकदा विचारलं. ते म्हणाले, वेढा घालताना मी बाहेरच्या रांगेत उभा असायचो. मी त्यावर विश्वास ठेवला, अनाक (म्हणजे बाळ). ठेवला म्हणून लग्न केलं. पण आत काय चाललंय ते बाहेरच्या रांगेतल्या माणसालाही ऐकू येतं, आणि ते त्यांना म्हातारपणापर्यंत ऐकू येत होतं.” थोड्या वेळाने त्यांनीच निकाल दिला, “दोन्ही लिहा. ज्यांना आठवतं त्यांना आठवतंच. आपण एक ओळ गाळली तर तेवढीच ते वाचतील.”

त्याप्रमाणे दगडावर दोन्ही ओळी आल्या: फिलिपाइन कॉन्स्टेब्युलरी, १९४८ ते १९५०, सातवी बटालियन कॉम्बॅट टीम, १९५० ते १९५५. थोरल्या दिरांनी शेवटी मान्यता दिली. एक नोव्हेंबरला, सर्व संतांच्या दिवशी, सारा गाव आपापल्या माणसांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावायला येतो, तेव्हा सासूबाईंचा भाचा आमच्याकडे आला, दोन्ही ओळी त्याने वाचल्या आणि मला विचारले, की त्याच्या वडिलांची जपान्यांविरुद्धच्या लढाईतली नोंद अशी कुठे मिळेल का. हुकांच्या बहुतेक तुकड्यांना अमेरिकेने युद्धानंतर गनिमी सैनिक म्हणून मान्यता दिली नाही, हे मी त्याला आधीच सांगितले. परंतु मान्यतेसाठी केलेले अर्ज आणि त्यांसोबतच्या माणसांच्या याद्या अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपून ठेवल्या आहेत, त्यांच्या प्रती इथल्या माजी सैनिक कार्यालयातही आहेत, आणि फेटाळलेल्या अर्जातही नाव सापडू शकते. त्याच्या वडिलांची बाप्तिस्म्याची नोंद आम्ही याच चर्चमधून मिळवली आहे. अर्जाचा मसुदा मी लिहून दिला असून भाच्याच्या आईचे मुखत्यारपत्र झाले की तो पाठवायचा आहे.