हो, आम्हीही भुतांचं करतो

ऑक्टोबर सरत आला की पुण्याहून आत्याचा फोन येतो आणि इकडच्या तिकडच्या चौकश्या झाल्या की प्रश्न ठरलेला: "काय गं, तुम्हीपण ते भुतांचं करता का?" भुतांचं म्हणजे हॅलोविन, आणि हे विचारताना तिचा आवाज आपोआप खाली येतो. पितृपक्ष झाला, घट उठले, दसऱ्याचं तोरण अजून दारावर आहे, आणि या बाया त्याच दारात सांगाडे टांगतात, हे तिच्या पचनी पडत नाही. माझं उत्तर दरवर्षी तेच. हो आत्या, करतो. चांगलं हौसेनं करतो.

मुळात हे आयर्लंड-स्कॉटलंडकडचं. सुगी संपून हिवाळा लागायच्या वेळी तिकडचे जुने केल्टिक लोक एक सण पाळत. पुढे ख्रिस्ती धर्मात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस ठरला आणि त्याची आदली संध्याकाळ म्हणजे हॅलोविन. आयरिश लोक सलगम कोरून त्यात दिवा लावत. अमेरिकेत आल्यावर त्यांना भोपळा मिळाला. भोपळा मोठा आणि कोरायला मऊ, म्हणून सलगमाची सुट्टी झाली. आत्याला एवढा इतिहास पुरतो. मला स्वतःलाही त्याच्याशी फारसं देणंघेणं नाही. माझा जीव अडकलाय तो न्यू जर्सीतल्या हॅलोविनमध्ये, आणि त्यातही मुलं लहान असतानाच्या.

नव्वदीच्या अखेरीस आम्ही प्लेन्सबरोला आलो. अपार्टमेंटच्या पाट्यांवर निम्मी नावं आपलीच होती, तरी ओळखी मात्र जिन्यापुरत्या. या देशात माणसं वाईट नाहीत, पण दारं बंद असतात. गाडी गराजमध्ये जाते, गराजचं दार खाली येतं आणि शेजारी दुसऱ्या दिवसापर्यंत अदृश्य. हॅलोविनला, म्हणजे ३१ ऑक्टोबरला, मुलं सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागत फिरतात. वर्षातून ही एकच संध्याकाळ अशी, की कुणाच्याही दारावरची बेल वाजवली तरी आतला माणूस हसत दार उघडतो आणि वर हातावर काहीतरी ठेवतो. नियम साधा: पोर्चवरचा दिवा चालू असेल तर जायचं, बंद असेल तर पुढचं घर. हा कुठे लिहिलेला नाही, पण पाच वर्षांच्या पोरालाही पाठ असतो. आमच्या रस्त्यावरचे निम्मे लोक मला या एका संध्याकाळीच कळले. कोणाच्या घरी पियानो आहे, कोणाकडे आजोबा राहायला आलेत, कोणाला नुकतं बाळ झालंय, हे सगळं उघड्या दारातून.

लेक एका वर्षी परी झाली. बाहेर थंडी मरणाची. पंखांवरून जाकीट घालायचं की जाकिटावरून पंख, यावर घरात जे रण माजलं त्याचा फोटो अजून आहे: जाकिटाच्या पाठीला कुबड आलेली, रडून डोळे सुजलेली परी. धाकट्याला कायम सुपरहिरो व्हायचं असे, आणि त्याचे स्नायू स्पंजचे असल्यामुळे त्याला जाकीट लागत नसे. कुठल्या घरी पूर्ण आकाराचा चॉकलेट बार मिळतो ही बातमी संध्याकाळी साडेसहाला फुटायची आणि पावणेसातला तिथे रांग. एक दंतवैद्य होते, ते टूथब्रश वाटत. पोरं तोंडावर 'थँक यू' म्हणत आणि पुढच्या वर्षी ते घर गाळत.

खरा सोहळा मात्र घरी परतल्यावर. उशीचे अभ्रे गालिच्यावर उपडे करायचे, जातवारी लावायची आणि मग बाजार उघडायचा. दोन किटकॅटला एक रीसिज, स्निकर्सचा भाव वर्षागणिक बदलता, कँडी कॉर्न कुणी फुकटही घ्यायचं नाही. सासूबाई इकडे आल्या होत्या तेव्हा त्या बाजारात भिंग घेऊन बसल्या. कुठल्या गोळीत जनावरांपासून काढलेलं जिलेटिन आहे ते बघायला. गमी आणि मार्शमेलो त्या चिमटीत धरून बाजूला काढत आणि मुलं हतबल होऊन बघत. कोरायच्या भोपळ्याच्या गराचे घारगेही त्यांनी करून पाहिले. पण हा भोपळा आकारासाठी वाढवलेला, आत सगळं पाणी आणि दोरे. पिठात कणीक घालून घालून शेवटी परातभर झालं. घारग्यांना इथे बटरनट स्क्वॉशच घ्यावा. बिया मात्र मीठ-तिखट लावून भाजल्या तर झकास लागतात.

गोळ्या तपासण्यामागे इथल्या लोकांची भीती वेगळीच. कोणी अनोळखी माणूस चॉकलेटात विष किंवा टाचणी घालेल ही ती भीती. एके काळी काही रुग्णालयं त्या दिवशी गोळ्यांचा एक्स-रे फुकट काढून देत. जोएल बेस्ट या समाजशास्त्रज्ञांनी १९५८ पासूनच्या अशा बातम्या धुंडाळल्या. दारोदार मिळालेला खाऊ खाऊन, अनोळखी माणसाच्या दुष्टाव्यानं मूल दगावल्याचा एकही सिद्ध प्रकार त्यांना मिळाला नाही. टेक्सासमध्ये १९७४ साली एक मुलगा गेला होता खरा, पण विष घालणारा त्याचा सख्खा बाप होता, विम्याच्या पैशांसाठी. भूत दाखवणाऱ्या सणात हे एवढंच खरं भयंकर.

एक गोष्ट हल्लीच्या मुलांना माहीत नाही, ती म्हणजे काळोखातलं हॅलोविन. २००६ पर्यंत घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे जात, त्यामुळे ३१ तारखेला पाच वाजताच दिवेलागण होई. मग कायदा बदलला, घड्याळ नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारवर गेलं आणि लहान मुलं आता लख्ख उजेडात भुतं होऊन फिरतात. चॉकलेटवाल्यांना हे हवंच होतं, त्यांनी त्यासाठी बरीच वर्षं खटपट केली होती. गाड्यांच्या दृष्टीनं उजेड बरा, मान्य. पण भरउन्हात चेटकीण बघून कोण घाबरणार?

तो जुना काळोख आम्हाला एकदाच परत मिळाला, आणि तोही वादळामुळे. २०११ ला २९ ऑक्टोबरला अवेळी बर्फ पडला. झाडांवर अजून पानं होती, त्यांवर बर्फ साचून फांद्या तारांवर कोसळल्या आणि गावंच्या गावं अंधारात. बऱ्याच ठिकाणी मुलांची फेरी पुढे ढकलली. बरोबर एक वर्षानं, त्याच तारखेला, सँडी चक्रीवादळ अटलांटिक सिटीजवळ किनाऱ्यावर आदळलं. वीज नाही, पेट्रोलला रांगा, रस्त्यांवर झाडं आणि लोंबत्या तारा. तेव्हाचे गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी चक्क सरकारी आदेश काढून हॅलोविन सोमवारी, ५ नोव्हेंबरला नेला. सण पुढे ढकलायचा सरकारी हुकूम! आपल्याकडे पंचांगकर्त्यांची समिती बसली असती. पण आदल्याच दिवशी घड्याळं मागे गेलेली, त्यामुळे पाच वाजता मस्त काळोख पडला. काही घरांत अजून दिवे नव्हते, तिथले लोक पायरीवर टॉर्च लावून बसले होते. कोणी बिस्किटं दिली, कोणी सफरचंदं. एका आजींनी चक्क सुट्टे क्वार्टर, म्हणजे पाव डॉलरची नाणी, वाटले. माझ्या मते तो आमच्या गल्लीतला सगळ्यात सुंदर हॅलोविन.

आदल्या रात्रीचंही सांगायला हवं. ३० ऑक्टोबर म्हणजे जर्सीत 'मिसचिफ नाइट'. उत्तर जर्सीत तिला 'कॅबेज नाइट' किंवा 'गूसी नाइट' म्हणतात. झाडांवर टॉयलेट पेपरची भेंडोळी फेकायची, गाडीवर अंडी फोडायची, बेल वाजवून पळायचं. होळीसाठी दुसऱ्याच्या अंगणातली लाकडं आणि गोवऱ्या पळवणाऱ्या आमच्या वाड्यातल्या पोरांना इथे आणून सोडलं असतं तर त्यांना भाषाही लागली नसती. नव्यानं आलेले शेजारी सकाळी झाडाकडे बघून पोलिसांना फोन करायला निघतात, त्यांना शांत करायचं काम माझ्याकडे आहे.

याच रात्रीचा सगळ्यात मोठा खोडसाळपणा आमच्या शेजारच्या गावाच्या नावावर जमा आहे. ३० ऑक्टोबर १९३८. सीबीएस रेडिओवर तेवीस वर्षांच्या ऑर्सन वेल्सनं एच. जी. वेल्स यांच्या कादंबरीवरचं नभोनाट्य सादर केलं. मंगळावरून स्वारी येते, ही गोष्ट. युक्ती अशी की नाचाचं संगीत चालू असताना मध्येच थांबवून 'ताजी बातमी' द्यायची. मंगळवासी उतरले ते वेस्ट विंडसरमधल्या ग्रोव्हर्स मिल या खेड्यात. सांगतात की नभोनाट्याच्या लेखकानं नकाशावर डोळे मिटून पेन्सिल टेकवली आणि हे गाव लागलं. लोक घाबरले, पोलिसांचे फोन खणखणले. पण सारा देश रस्त्यावर आला वगैरे दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी फुगवलेलं. गावातल्या जुन्या पाण्याच्या टाकीला मंगळाचं यान समजून कोणीतरी गोळ्या घातल्या, ही आख्यायिका गावकरी अजून प्रेमानं सांगतात. १९८८ साली, पन्नास वर्षं झाली म्हणून, तळ्याकाठच्या व्हॅन नेस्ट पार्कमध्ये एक ब्राँझचं स्मारक बसवलं. त्यावर मायक्रोफोनसमोर ऑर्सन वेल्स, रेडिओ ऐकणारं कुटुंब आणि वर मंगळाचं यान. आज त्या परिसरात तेलुगू, तमीळ, मराठी घरंच घरं आहेत. संध्याकाळी फिरायला येणारे आजी-आजोबा त्या यानाखालच्या बाकावर बसून भाजीचे भाव बोलतात.

पैसे मोजून घाबरायचं असेल तर फिलाडेल्फियाचा ईस्टर्न स्टेट तुरुंग आहे. १८२९ साली उघडला, १९७१ मध्ये बंद झाला, मध्ये नामचीन गुंड अल कपोनही तिथे राहून गेला. १९९१ पासून पडझड सावरायला निधी हवा म्हणून तिथे हॅलोविनला भुताटकीचा खेळ करतात. खरं सांगू, मला तो रात्रीपेक्षा दिवसा अंगावर येतो. रंग फासलेले नट नसतात, नुसत्या एकेकट्याला कोंडायच्या कोठड्या. आणि अशा कुठल्याही अंधाऱ्या बोळात शिरताना मी आधी छताकडे बघते. १९८४ मध्ये जर्सीतल्याच एका थीम पार्कमध्ये भुताच्या वाड्याला आग लागून आठ मुलं गेली. त्यानंतर नियम कडक झाले आणि असल्या ठिकाणी पाण्याचे फवारे सक्तीचे झाले.

मला विचाराल तर हडसन नदीकाठी जा. क्रोटन-ऑन-हडसनला २००५ पासून हातांनी कोरलेल्या भोपळ्यांचं प्रदर्शन भरतं. सात हजारांहून जास्त भोपळे, सगळे पेटलेले, त्यांतून रचलेले डायनासोरसुद्धा. तिथून जवळच स्लीपी हॉलो हे गाव. वॉशिंग्टन अर्विंगनं १८२० साली बिनमुंडक्याच्या घोडेस्वाराची गोष्ट लिहिली ती इथलीच. गंमत म्हणजे गावाचं नाव पुढेही बरीच वर्षं ते नव्हतंच. नॉर्थ टॅरीटाउन म्हणत. १९९६ मध्ये मोटारींचा मोठा कारखाना बंद पडला आणि त्याच वर्षी गावकऱ्यांनी मत देऊन गोष्टीतलं नाव घेतलं. कारखाना गेला, भूत पोसतंय. अर्विंगही तिथल्याच दफनभूमीत आहे.

हल्ली सगळंच मोठं झालंय. २०२० साली होम डेपो या घरसामानाच्या दुकानानं बारा फुटी सांगाडा तीनशे डॉलरला काढला, तेव्हापासून प्रत्येक गल्लीत एक तरी उभा असतो. काही जण जागा नाही म्हणून तो नाताळपर्यंत तसाच ठेवून त्याला सांताची टोपी घालतात. दिसायला भारी, पण मला आमच्या कोपऱ्यावरच्या काकांचं जुनं स्मशान आवडायचं: थर्मोकोलच्या थडग्यांवर स्वतः रचलेले चहाटळ मृत्युलेख, आणि पालापाचोळ्यात आडवे झालेले स्वतः काका. त्याहून खटकतं ते 'ट्रंक ऑर ट्रीट'. शाळेच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या डिक्क्या उघडून ओळीनं खाऊ वाटायचा, अर्ध्या तासात सण आटोपला. सुरक्षित आहे, सोयीचं आहे, आणि त्यात एकही दार उघडत नाही.

२०२४ ला तर इथे लक्ष्मीपूजनच ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी आलं. ड्राइव्हवेवर रांगोळी, पायऱ्यांवर पणत्या आणि कोरलेले भोपळे शेजारी शेजारी, मी नऊवारीत, आणि आरती चालू असताना दर दोन मिनिटांनी बेल. नवऱ्यानं तबक मुलीकडे दिलं आणि तो चॉकलेटांची टोपली घेऊन दारातच उभा राहिला. एका छोट्या ड्रॅक्युलानं मला विचारलं, तुम्ही कोण झालात? मी म्हटलं, आजी. त्याला कॉस्च्युम फार आवडला. सोबत त्याला एक शंकरपाळं दिलं, तर तो मित्रांना घेऊन परत आला.

ऑक्टोबरात मुलांकडे येणार असाल तर परतीचं तिकीट निदान २ नोव्हेंबरचं काढा. १ तारखेला सकाळी दुकानं उरलेली चॉकलेटं निम्म्या किमतीला काढतात आणि तिथे ट्रॉली घेऊन पहिल्या रांगेत कोण उभं असतं म्हणता? पुण्याला पोचलेल्या पाकिटावरची वटवाघळं बघून आत्या दरवर्षी नाक मुरडते, पण पहिलं पाकीट तीच फोडते.