तुम्ही विचारलंत म्हणून: आयडीई की साधा एडिटर?

प्रोग्रामिंग शिकणारी मुलं, कधीकधी त्यांचे पालकही, मला हमखास विचारतात: कोड लिहायला आयडीई (कोड लिहिणं, चालवणं आणि चुका शोधणं एकाच ठिकाणी करणारं सॉफ्टवेअर) वापरावं की साधा टेक्स्ट एडिटर? तुम्ही विचारलंत म्हणून माझं मत सरळच सांगते. नवशिके असाल तर पहिले काही महिने साधा एडिटर आणि शेजारी टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी. जावाचा मोठा प्रोजेक्ट हातात आला की मात्र बिनदिक्कत आयडीई.

नवशिक्यांना आधी साधा एडिटर का, हे महाराष्ट्रातल्या कॉलेजांच्या लॅबमध्ये बसलेल्यांना चटकन कळेल. तिथलं निळ्या पडद्याचं टर्बो सी हे सी भाषेचं आयडीई १९८७ मधलं. एडिटर आणि कंपायलर (कोडचं यंत्रभाषेत भाषांतर करणारा प्रोग्राम) एकाच खिडकीत ही सोय ते बनवणाऱ्या बोरलँड कंपनीनं त्याही आधी, १९८३ च्या टर्बो पास्कलमध्ये दिली होती, आणि त्या काळात ती खरोखर थोर होती. पण कंट्रोल एफ-नाइन दाबलं की प्रोग्राम चालतो, ऑल्ट एफ-फाइव्ह दाबलं की आउटपुट दिसतं, एवढ्यावरच शिक्षण थांबलं तर कंपाइल (हे भाषांतर) कुठे संपतं आणि लिंक (भाषांतरित तुकडे एकत्र जोडणं) कुठे सुरू होतं हे कळतच नाही. 'अनडिफाइन्ड रेफरन्स' ही एरर लिंकरची आहे, कोडच्या व्याकरणाची नाही. टर्मिनलवर जीसीसी या कंपायलरची कमांड स्वतःच्या हातानं लिहिणाऱ्या मुलांना हे लवकर उमगतं.

मग आयडीई कशाला? कारण एडिटरला फाइलमध्ये अक्षरं दिसतात, आयडीईला प्रोग्राम दिसतो. समजा, 'टोटल' नावाची मेथड (एक काम करणारा कोडचा तुकडा) तीन वेगळ्या क्लासमध्ये (कोडच्या गटांमध्ये) आहे आणि तुम्हाला फक्त बिलाच्या क्लासमधल्या मेथडचं नाव बदलायचं आहे. शोधा-बदला केलंत तर तिन्ही बदलतील, कॉमेंटमधला शब्दसुद्धा. इंटेलिजे आयडिया हे जावाचं आयडीई टाइप (कुठली गोष्ट कुठल्या क्लासची आहे ते) ओळखून नेमकं त्याच मेथडचं नाव बदलतं, आणि ती जिथून जिथून बोलावली आहे तिथेही. शेकडो फायलींचा कोड कुणाच्याच डोक्यात मावत नाही. तिथे एडिटरचा हट्ट धरणं मला पटत नाही.

व्हिम या टर्मिनलमध्ये चालणाऱ्या एडिटरवर माझं प्रेम आहे, तरीही हे म्हणते. बिल जॉय या प्रोग्रामरनं १९७६ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात लिहायला घेतलेला त्याचा पूर्वज व्हीआय आजही जवळपास प्रत्येक युनिक्स सर्व्हरवर कुठल्या ना कुठल्या रूपात सापडतो. दूरच्या सर्व्हरवर कॉन्फिग फाइलच्या चार ओळी बदलायच्या असतील, तर त्याच्यासारखा सोबती नाही. फाइल उघडून, बदलून, बंद करून होते, तोवर आयडीई इंडेक्सिंगच (प्रोजेक्टच्या फायली वाचून त्यांची सूची बनवणं) करत असतं.

२०१६ पासून ही सीमारेषा पुसट झाली आहे. मायक्रोसॉफ्टनं आपल्या व्हीएस कोड या एडिटरसाठी बनवलेला लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल त्या वर्षी सगळ्यांसाठी खुला झाला. भाषेची जाण लँग्वेज सर्व्हर नावाच्या वेगळ्या प्रोग्रामकडे, एडिटर फक्त त्याला विचारतो. सी प्लस प्लससाठी क्लँगडी, गो साठी गोप्ल्स, रस्टसाठी रस्ट-ॲनलायझर. व्हीएस कोड असो वा निओव्हिम (व्हिमचा नवा अवतार), तोच सर्व्हर दोघांना चालतो. म्हणून पायथन किंवा गो लिहिणाऱ्यांना मी आता पूर्ण आयडीईचा आग्रह करत नाही. डीबगर, म्हणजे कोडमधल्या चुका शोधायचं साधन, मात्र शिकाच. ब्रेकपॉइंट (जिथे प्रोग्राम थांबवायचा ती खूण) लावून एकेक ओळ पुढे जाणं बहुतेक एडिटरमध्ये जमवता येतं.

अँड्रॉइड ॲप करायचं असेल तर अँड्रॉइड स्टुडिओ हे त्यासाठीचं आयडीईच घ्या, तिथे पर्याय शोधत बसू नका. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपला एम्युलेटर (पडद्यावरचा नकली फोन) जड जातो. तो बंद ठेवा आणि स्वतःचा फोन यूएसबीनं जोडून त्यावरच ॲप चालवा.