लोकर आधी, नमुना नंतर

विणकामाच्या पुस्तकांत सुरुवात नेहमी नमुन्यापासून होते. अमुक मापाचा स्वेटर, त्यासाठी इतके ग्रॅम लोकर, इतक्या नंबरच्या सुया, आणि मग पहिल्या ओळीचे टाके. उरलेल्या लोकरीच्या आणि हाताने कातलेल्या धाग्याच्या कामात हा क्रम उपयोगाचा नाही, कारण तिथे धागा हातात आहे तेवढाच असतो आणि तो आणखी मिळण्याची सोय नसते. बाजारातल्या गुंड्याच्या वेष्टनावर रंगाचा लॉट नंबर छापलेला असतो, आणि एका लॉटचा मोरपंखी दुसऱ्या लॉटच्या मोरपंखीशेजारी ठेवला की दोन्हींतला फरक डोळ्यांत भरतो. घरात उरलेला अर्धा गुंडा घेऊन मी तुळशीबागेत गेले, की दुकानातले काका तो दारापाशी नेऊन उजेडात धरतात आणि “ताई, हा लॉट आता यायचा नाही,” एवढेच सांगतात. घरी कातलेल्या धाग्याचे तर विचारायलाच नको. आज कातलेली लडी आणि पुढच्या महिन्यात कातलेली लडी यांची जाडी, पीळ आणि रंग सारखे येत नाहीत. त्यामुळे उरलेली लोकर आणि हातकताईचा धागा दिसायला कितीही निराळे असले, तरी विणणारीच्या दृष्टीने त्यांची जात एकच आहे. दोन्हींच्या बाबतीत आधी धागा मोजावा लागतो आणि मग त्यातून काय होईल ते ठरवावे लागते.

पुण्याच्या हवेला हे काम सोयीचे आहे, असे माझे मत आहे. डिसेंबर-जानेवारीत इथे पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास येतो आणि दुपारी ऊन चांगलेच जाणवते, त्यामुळे पूर्ण बाह्यांचा जाड स्वेटर दिवसातून दोन-तीन तास अंगावर राहतो आणि उरलेला वेळ खुर्चीच्या पाठीवर. कानपट्टी, बोटे मोकळी ठेवणारे मनगटमोजे, गळ्यापुरता मफलर या वस्तूंना मात्र खरी मागणी असते, विशेषतः सकाळी पर्वती चढणाऱ्यांकडून आणि दुचाकीवरून कामाला जाणाऱ्यांकडून. बाळंतविडा तर बाराही महिने लागतो. त्यातले टोपडे आणि मोजे म्हणजे उरलेल्या लोकरीचे हक्काचे गिऱ्हाईक. देवांच्या लोकरी कपड्यांची परंपराही आपल्याकडे आहे. थंडी पडली की सारसबागेतल्या तळ्यातल्या गणपतीला स्वेटर आणि कानटोपी घालतात, आणि घरोघरच्या बाळकृष्णांना अंगठ्याएवढ्या गळ्याचे झबले विणले जाते, ज्याला तीन-चार ग्रॅम लोकर पुरते.

उरलेला गुंडा हातात आला की मी तो सर्वांत आधी स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवते. वेष्टन जपून ठेवलेले असेल तर हिशेब सोपा असतो. मूळ गुंड्याचे वजन आणि लांबी त्यावर लिहिलेली असते, तेव्हा उरलेल्या वजनावरून उरलेली लांबी त्रैराशिकाने निघते. वेष्टन नसेल, किंवा धागा घरी कातलेला असेल, तर तो खुर्चीच्या पाठीभोवती सैलसर गुंडाळून वेढे मोजावेत आणि एका वेढ्याच्या लांबीने गुणावे. जाडी ठरवण्यासाठी पट्टीभोवती धागा शेजारी शेजारी, न ताणता आणि न दाबता गुंडाळायचा आणि एका इंचात किती वेढे बसतात ते पाहायचे. या एका आकड्यामुळे थ्री प्लाय, फोर प्लाय आणि डबल निट अशा वेगवेगळ्या जाडीच्या नावांखाली निरनिराळ्या पिशव्यांत पडलेल्या गुंड्यांपैकी कोणते एकमेकांशेजारी विणता येतील ते कळते. सुयांच्या बाबतीत नवशिक्यांचा एक गोंधळ हमखास होतो. आपल्याकडच्या जुन्या नंबरांत आकडा वाढतो तशी सुई बारीक होत जाते, म्हणजे आठ नंबरची सुई चार मिलिमीटरची आणि दहा नंबरची सव्वातीन मिलिमीटरची. परदेशी नमुना वाचताना मिलिमीटर पाहावेत आणि नंबराकडे दुर्लक्ष करावे, हे बरे.

नेमका किती धागा आहे याची धास्तीच नको असेल, तर कोपऱ्यापासून विणलेल्या चौकोनासारखा दुसरा उपाय नाही. सुईवर तीन-चार टाके घालायचे आणि सगळे सुलट विणत जायचे. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोन टाके विणून झाले की धागा पुढे घेऊन जाळीचा एक टाका वाढवायचा. तुकडा त्रिकोणी वाढत जातो आणि कडेला नाजूक जाळी तयार होते. अधूनमधून गुंडा काट्यावर ठेवायचा, आणि सुरुवातीच्या वजनाच्या निम्म्याला एक-दोन ग्रॅम अधिक असतानाच वाढवणे थांबवून प्रत्येक ओळीत एक टाका कमी करू लागायचे. घटवण्याच्या ओळींत कडेची जाळी टिकवायची असेल, तर जाळीचा टाका घ्यायचाच, पण त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन टाके एकत्र विणायचे. वाढत्या अर्ध्याला जेवढा धागा लागला तेवढाच उतरत्या अर्ध्याला लागतो, त्यामुळे वीस ग्रॅम असोत की साठ, चौकोन पूर्ण होतो आणि हातात वीतभर धागा शिल्लक राहतो. या कामाला डोळे लागत नाहीत, हा आणखी एक फायदा. १९५३ साली सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवात मी असेच काम घेऊन बसते. विलंबित ख्यालात ओळी शांतपणे होतात, आणि द्रुत सुरू झाली की सुया आपोआप मांडीवर येतात.

टोपड्याचा हिशेब मात्र आधीच करावा लागतो. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण पस्तीस सेंटीमीटर असतो, आणि विणलेले कापड ताणले जात असल्यामुळे टोपडे एकतीस-बत्तीस सेंटीमीटरचे करायचे, म्हणजे साडेबारा इंच धरायचे. बाजारच्या फोर प्लाय लोकरीचे सव्वातीन मिलिमीटरच्या सुयांवर एका इंचात सात टाके येत असतील, तर अठ्ठ्याऐंशी टाके घालावेत. त्याच सुयांवर घरचा थोडा जाड धागा इंचात पाचच टाके देत असेल, तर बासष्ट टाक्यांत काम भागते. नमुन्यातला आकडा जसाच्या तसा उचलण्याऐवजी बोटभर तुकडा विणून, धुऊन, वाळवून त्यावर टाके मोजणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. सुलट विणीच्या कापडाच्या एका ओळीला तिच्या रुंदीच्या साधारण तिप्पट धागा लागतो आणि टाके बंद करायलाही जवळपास तेवढाच. शेवटचा तांबडा किंवा पिवळा तुकडा आणखी एका पट्ट्याला पुरेल की नाही, हे या अंदाजाने आधीच समजते.

पट्ट्यांविषयी माझी आवड थोडी कडक आहे. सहा उरलेले रंग आहेत म्हणून सहाही एका टोपड्यात घातले की ते टोपडे उरलेल्या लोकरीचे आहे हे रस्त्याच्या पलीकडून कळते. एक रंग मुख्य धरून त्याला निम्मी जागा द्यावी आणि इतर दोन रंग त्याच्या मधून दोन-दोन ओळींनी फिरवावेत. मग तेच टोपडे मुद्दाम रंग निवडून विणल्यासारखे दिसते.

उरलेल्या लोकरीचा दुसरा मोठा साठा म्हणजे जुने स्वेटर. माझ्या आत्याच्या घरी उन्हाळ्याच्या सुट्टीत स्वेटर उसवण्याचा कार्यक्रमच असे. सगळेच स्वेटर उसवण्याजोगे नसतात. बाजूची शिवण उलटून पाहावी. कापडाच्या कडा कापून मशीनने ओव्हरलॉक केलेल्या असतील, तर प्रत्येक ओळीला धागा तुटलेला मिळेल आणि हाती तुकड्यांचा ढीग येईल. कड अखंड असेल, तर शिवण सोडवून जिथे टाके बंद केले होते त्या टोकाकडून उसवायला घ्यावे. टाके घातलेल्या टोकाकडून ओढले तर धागा जागोजागी अडकतो. उसवलेली लोकर कुरळी असते. ती खुर्चीच्या पाठीवर लडी करून, चार ठिकाणी सैल बांधून, रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवावी आणि खाली हलके वजन अडकवून सावलीत वाळवावी. ॲक्रिलिक असेल तर हा सोपस्कार कमी उपयोगी पडतो. धागा कशाचा आहे याविषयी शंका असेल, तर लहानसा तुकडा चिमट्यात धरून जाळावा. खरी लोकर केस जळल्याचा वास देते आणि तिची राख बोटांत चुरगळते. ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो.

हातकताईच्या बाबतीत पुणेकरांना सांगण्यासारखी गोष्ट गावातच आहे. खोक्यात बंद होणारा आणि प्रवासात नेता येणारा पेटी चरखा येरवडा चरखा म्हणून ओळखला जातो, कारण येरवड्याच्या तुरुंगात असताना गांधीजींनी त्याच्या रचनेवर लक्ष घातले होते. त्याच्या थोडे आधी, १९२९ साली, अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. पेटी चरख्यात दोन चाके असण्याचे कारण कापसात आहे. कापसाचा तंतू आखूड असल्याने तो धरून राहायला पुष्कळ पीळ लागतो, आणि मोठ्या चाकाने लहान चाक व लहान चाकाने चाते, म्हणजे धाग्याला पीळ देणारी सळई, फिरवले की हाताच्या एका फेऱ्यात चात्याचे कितीतरी फेरे होतात. चरखा नसला तरी टकळीवर काम होते. आधीच्या पिढीतल्या पुष्कळ जणांनी शाळेत ती फिरवलेली आहे, आणि वस्त्रमाळ किंवा वाती करणाऱ्या घरांत बोटांना कापूस ओळखीचा असतो.

पेळूतून, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळीतून, निघणारा एकेरी सुती धागा विणायला फार बारीक पडतो, म्हणून त्याचे सहा-आठ पदर एकत्र करून उलट दिशेने पीळ द्यावा लागतो. उलट दिशा महत्त्वाची आहे. कातताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पीळ दिला असेल, तर पदर जोडताना तो विरुद्ध दिशेने द्यायचा, म्हणजे दोन्ही पीळ एकमेकांना तोलतात. तोल साधला की नाही हे पाहण्यासाठी हातभर धागा दोन्ही हातांत सैल धरून मध्ये झोळ सोडावा. झोळ मोकळा लोंबला तर ठीक. तो स्वतःभोवती गुंडाळला तर पीळ कुठेतरी जास्त झाला आहे. असमतोल किंवा एकेरी धाग्याने एका बाजूने सुलट आणि दुसऱ्या बाजूने उलट असे विणले, तर चौकोन म्हणून घेतलेला तुकडा समांतरभुज होतो आणि कितीही ओढून वाळवला तरी पुन्हा तिरका होतो. दोन्ही बाजूंनी सुलट विणले तर ती ओढ एकमेकींत जिरते, म्हणून हातकताईच्या पहिल्या धाग्यासाठी वर सांगितलेला कोपऱ्याचा चौकोनच योग्य. सुती लडी विणण्याआधी धुण्याचा चिमूटभर सोडा घालून उकळावी. पाणी चहासारखे तपकिरी होते, तो कापसाच्या अंगचा मेणचट भाग असतो. तो गेला की धागा पाणी शोषू लागतो आणि त्याचे चेहरा पुसायचे रुमाल व बाळाची लाळेरी चांगली होतात.

लोकर कातायची असेल, तर मेरिनोच्या मऊ पुंजक्यांची स्वप्ने बघण्याआधी आपल्या दख्खनी मेंढीकडे पाहायला हरकत नाही. पावसाळा संपल्यावर धनगरांचे कळप पुण्याच्या आसपासच्या शेतांत बसलेले दिसतात. त्या मेंढीची लोकर आखूड, राठ आणि बहुधा काळी असते. तिचीच घोंगडी होते, आणि घोंगडीच्या धाग्याला चिंचोक्याची खळ देतात. आज या लोकरीला गिऱ्हाईक कमी उरल्याने कातरलेली लोकर पुष्कळदा टाकूनच दिली जाते, त्यामुळे मागितली तर मूठभर सहज मिळू शकते. तिचे मफलर विणण्याचा अट्टहास मात्र करू नये, मान लाल होते. तिची खरी जागा गरम पातेल्याखालची चकती, बसायचे छोटे आसन, किटलीचे आवरण यांत आहे. सैल विणून गरम साबणपाण्यात चोळली की ती आटते आणि तिची वीण दाट होते, आणि लोकर सहजासहजी पेट घेत नसल्याने तापलेल्या भांड्याखाली ॲक्रिलिकपेक्षा ती कितीतरी भरवशाची. ॲक्रिलिकची चकती मी कोणालाही देत नाही, ती कितीही सुंदर दिसली तरी.

लोकर आटते, म्हणूनच एका वस्तूत लोकर आणि ॲक्रिलिक मिसळू नये. धुतल्यावर एक आटते, दुसरे जसेच्या तसे राहते, आणि मधे चुण्या पडतात. आटू नये म्हणून प्रक्रिया केलेली लोकर सोडल्यास खऱ्या लोकरीच्या दोन टोकांना गाठ मारण्याचीही गरज नसते. दोन्ही टोके विस्कटून, एकमेकांवर ठेवून, पाण्याचा थेंब लावून तळहातांत जोरात चोळली की ती एकजीव होतात. कापूस आणि ॲक्रिलिक असे जुळत नाहीत, तिथे टोके आत ओवून घेण्याला पर्याय नाही.

मेंढपाळाकडून आणलेली लोकर घरातल्या इतर लोकरीजवळ ठेवण्याआधी धुऊन कडक वाळवावी, नाहीतर कसर एका पिशवीतून साऱ्या कपाटात पसरते. वेखंडाचे तुकडे घालून पिशव्या घट्ट बांधाव्यात आणि पावसाळ्यानंतर एकदा सगळ्या उघडून उन्हाला द्याव्यात. वीतभरापेक्षा लहान उरलेली टोके मी एका बरणीत टाकते आणि बरणी भरली की त्यांची टाचण्यांची उशी करते. तिच्यात मधोमध थोडी न धुतलेली दख्खनी लोकर भरावी. तिच्यातल्या नैसर्गिक तेलामुळे सुयांना गंज कमी चढतो.